आधी मराठी उतरवून घ्या, मग एआय

वाचकाचं पत्र: वेंगुर्ल्याजवळ आमचं घर आहे. दोन खोल्या पाहुण्यांना देतो, जेवण घरचंच. शिवाय आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ विकते. मुलाने नवा अँड्रॉइड फोन पाठवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एआय लिहिलंय. बाजूचं बटण दाबून धरलं की गुगलचा जेमिनी हा एआय मदतनीस येतो नि इंग्रजीत बोलतो. मी बोलून मेसेज लिहायला गेले तर भलतंच उमटतं. पाहुणे बेळगाव-हुबळीकडचे, गुजरातचे, कधी गोव्याहून वर आलेले परदेशी. त्यांना उत्तरं देताना घाम फुटतो. बँकेची पत्रं इंग्रजीत. पावसात दोन-दोन दिवस रेंज नसते. कलमांची पानं काळी पडलीत, फोटो दाखवून औषध विचारलं तर चालेल का? सासऱ्यांना ऐकू कमी येतं, त्यांच्यासाठी यात काही आहे का? "ह्या काय माका जमाचा नाय" असं वाटायला लागलंय. खरंच उपयोग आहे की नुसती जाहिरात?

ताई, उपयोग आहे आणि तुम्हाला जमणार आहे. खोक्यावरचा शब्द मात्र तूर्त विसरा. एआय या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक फोनच्या आत, त्याच्याच चिपवर चालते. रात्रीचा फोटो उजळ करणं किंवा आधी उतरवून (डाउनलोड करून) ठेवलेल्या भाषेतलं भाषांतर ही तिची कामं. दुसरी तुमचा आवाज, मजकूर किंवा फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांकडे पाठवते आणि तिकडून उत्तर आणते. जेमिनीशी तुमचं बोलणं होतं ते जवळपास सगळं असंच. शहरात हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्याकडे जुलैत तो रोज जाणवेल, म्हणून प्रत्येक सोयीबद्दल आधी एवढंच विचारायचं: याला रेंज लागते का?

आता भाषा. फोन इंग्रजीत बोलतो कारण त्याला तुमची भाषा कुणी सांगितलेलीच नाही. सेटिंग्जमध्ये "सिस्टम" आणि त्यात "भाषा" असा पर्याय असतो. काही कंपन्या तो "जनरल मॅनेजमेंट" किंवा "अतिरिक्त सेटिंग्ज" या नावाखाली ठेवतात. सापडला नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "लँग्वेज" हा शब्द इंग्रजीत टाका. तिथे मराठी जोडा. ती पहिल्या क्रमांकावर ओढलीत तर सगळा फोन मराठीत दिसेल. तसं नको असेल तर दुसऱ्या क्रमांकावर राहू द्या. सवयीची इंग्रजी बटणं एकदम बदलली की अनेकांचा गोंधळ होतो आणि चूक नेमकी बँकेच्या ॲपमध्ये होते. मग जेमिनी उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर बोट ठेवा, सेटिंग्जमध्ये भाषा पाहून घ्या. जून २०२४ मध्ये जेमिनीचं ॲप भारतात आलं तेव्हाच त्यात नऊ भारतीय भाषा होत्या आणि मराठी त्यातली एक. तरीही कधी इंग्रजीत घसरला तर "मराठीत उत्तर दे" म्हणा, पुरतं.

बोलून लिहिताना भलतंच उमटतं त्याचं कारण बहुधा कीबोर्डवर आहे. तुमच्या फोनवर गुगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्या. त्याच्या सेटिंग्जमध्ये "भाषा", मग "कीबोर्ड जोडा", मग मराठी. दोन मांडण्या दिसतील. एकीत देवनागरी अक्षरं थेट असतात. दुसरीत इंग्रजी अक्षरांनी टाइप केलं की मराठी उमटतं. दोन्ही घ्या. आता मुख्य गोष्ट: माइकचं चिन्ह दाबल्यावर फोन त्या क्षणी जो कीबोर्ड समोर आहे त्याच भाषेत ऐकतो. इंग्रजी कीबोर्ड समोर ठेवून मराठी बोललात तर तो तुमच्या मराठीत इंग्रजी शब्द शोधत बसतो. म्हणून आधी पृथ्वीगोलाचं बटण दाबायचं, स्पेसबारवर "मराठी" दिसलं की मगच माइक.

दुसरं कारण मालवणी. फोन शिकलाय तो छापील, प्रमाण मराठीवर. "खंय", "वायच", "हाडलंय" त्याच्या कानाला परके आहेत आणि तो त्यांच्या जागी ओळखीचा जवळचा शब्द बसवतो. आपली बोली सोडा असं आम्ही अजिबात म्हणत नाही. घरच्या माणसांना व्हॉइस नोट मालवणीतच पाठवा, त्यात यंत्र मध्ये येतच नाही. लिहून हवं असेल तेव्हा मात्र रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोला: पूर्ण वाक्य, सावकाश, फोन तोंडापासून वीतभर दूर. पंखा थेट फोनवर येत नाही ना, मिक्सर बंद आहे ना, एवढं पाहा. मध्ये जास्त थांबलात तर माइक बंद होतो, म्हणून काय सांगायचं ते आधी ठरवा. तुमच्या वाडीचं नाव, "तिरफळ", "आगळ", "सागोती" असे शब्द जीबोर्डच्या "शब्दकोश" आणि त्यातल्या "वैयक्तिक शब्दकोश" इथे मराठीखाली घालून ठेवा. पुढे टाइप करताना ते सुचवले जातील. मराठीत बोलून लिहायला रेंज लागते असं धरूनच चाला.

आकड्यांपाशी थांबा, कारण पैशाचा घोटाळा इथेच होतो. साडेतीनशे, दीड हजार, अडीच, पावणेदोन ही आपली मोजणी आपल्याला सहज, पण यंत्राला अवघड. बोलताना "तीनशे पन्नास", "एक हजार पाचशे" म्हणा आणि पाठवण्यापूर्वी दर हाताने टाइप करून घ्या. परप्रांतातल्या पाहुण्याला आकडे इंग्रजी अंकांत पाठवा, देवनागरी अंक हुबळीच्या माणसाला वाचता येतीलच असं नाही. तारखेचंही तसंच. मराठीत "परवा" मागचाही असतो नि पुढचाही. आपण क्रियापदावरून ओळखतो. भाषांतर करणारं यंत्र कधी ओळखतं, कधी नाही, आणि पाहुणा दोन दिवस आधी दारात उभा राहतो. "परवा" लिहूच नका, वार आणि तारीख लिहा.

पाहुण्यांना उत्तरं लिहिणं हे जेमिनीचं तुमच्यासाठी सगळ्यात मोठं काम. यावर एक संध्याकाळ घालवलीत तर वर्षभर पुरेल. गुगल कीपसारख्या टिपणवहीत एकच टिपण करा: खोल्या किती, एका खोलीत माणसं किती, न्हाणीघर आत की बाहेर, गरम पाणी कधी, पंखा आहे, एसी नाही, वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं, शाकाहारी आणि माशांच्या ताटाचा दर, आगाऊ रक्कम किती, गाडी कुठे लागते, जवळचं स्टेशन कोणतं, समुद्र पायी किती मिनिटांवर. पाहुण्याचा मेसेज आला की तो कॉपी करा आणि जेमिनीला असं सांगा:

"मी घरगुती निवास चालवते, मी स्त्री आहे. खाली आमची खरी माहिती आहे आणि त्याखाली पाहुण्याचा मेसेज. त्याला कन्नडमध्ये नम्र, पाच ओळींचं उत्तर लिही. माहितीत नसलेलं काहीही घालू नकोस. विचारलेलं माहितीत नसेल तर 'विचारून कळवते' असं लिही. शेवटी त्याच उत्तराचा मराठी अर्थ दे."

यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. "माहितीत नसलेलं घालू नकोस" हे सांगितलं नाही तर तो तुमच्या घरी वायफाय, एसी आणि खिडकीतून दिसणारा समुद्र घालून देतो, कारण अशा जाहिराती त्याने हजारोंनी वाचलेल्या असतात. उत्तर हिंदीत हवं असेल तेव्हा "मी स्त्री आहे" हे लागतंच, नाहीतर तुमच्या नावाने "बता दूँगा" जातं. आणि मराठी अर्थ खाली असला की आपण काय पाठवतोय हे तुम्हाला कळतं. कळल्याशिवाय काही पाठवू नका. मिळालेला मजकूर व्हॉट्सॲपमध्ये डकवताना मराठी भाग सोडून फक्त वरचा घ्या.

जेवणाची यादी देताना एक काळजी. पदार्थांच्या नावांचं भाषांतर करू नको असं त्याला स्पष्ट सांगा. "मोरीचं मटण" त्याच्या हातात दिलंत तर मोरी म्हणजे न्हाणीतली आणि मटण म्हणजे बकऱ्याचं, असा अर्थ निघू शकतो. इथे तो शार्क माशाचा रस्सा आहे हे त्याला कोण सांगणार? तेव्हा नाव तसंच ठेवून पदार्थ कशाचा हे तुम्हीच मराठीत एका ओळीत द्या: "कोंबडी वडे: तांदूळ-उडदाच्या पिठाचे तळलेले वडे, सोबत भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाची कोंबडी." त्या ओळीचं भाषांतर तो नीट करतो. गुजराती पाहुण्यांसाठी शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी आहेत की नाहीत हेही खरं ते लिहा, ते विचारणारच. होडी कधी सुटते, समुद्र कसा आहे, वारं कधी पडेल हे मात्र त्याच्याकडून घेऊन पाहुण्यांना कळवू नका. जुन्या पानांवरचं वाचून तो आजचं म्हणून सांगू शकतो. त्यासाठी हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राचा इशारा पाहायचा, आणि बंदरावर विचारायचं.

व्हॉट्सॲपवर गुजरातीत मेसेज आला आणि तो नुसता वाचायचाय, तर जेमिनीचीही गरज नाही. बऱ्याच नव्या फोनवर "सर्कल टू सर्च" असतं. पडद्याच्या तळाशी मधलं बटण किंवा आडवी रेघ दाबून धरा, खाली शोधपट्टी येते, तिच्याजवळचं भाषांतराचं चिन्ह दाबा. सगळा पडदा मराठीत येतो, मूळ मेसेजला धक्का लागत नाही.

समोर बसलेल्या पाहुण्याशी बोलायला गुगल ट्रान्सलेट. हे वायफाय असताना, पावसाच्या आधी, तयार करून ठेवायचं. ॲपमध्ये तुमच्या चित्रावर दाबून "डाउनलोड केलेल्या भाषा" उघडा आणि मराठी, इंग्रजी, हिंदी, गुजराती, कन्नड उतरवून घ्या. एकेक पॅक फार मोठं नसतं, जागेची फार चिंता नाही. उतरवल्यावर परीक्षा घ्या: विमान मोड चालू, वायफाय बंद, आणि आता "न्हाणीघर मागच्या बाजूला आहे" हे टाइप करून कन्नडमध्ये येतं का पाहा. आलं म्हणजे रेंज गेली तरी काम अडणार नाही. याच विमान मोडमध्ये फोनवरच्या बाकीच्या एआय सोयीही एकेक करून पाहा. कुठली पावसाळ्यात साथ देणार आणि कुठली नाही हे खोक्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त खरं सांगतील. ऑफलाइन भाषांतर ऑनलाइनपेक्षा ओबडधोबड असतं, म्हणून वाक्यं तोडून छोटी द्या. "जेवण आठ वाजता. मासे हवेत का? किती माणसं?" एवढीच. शंका आली तर आलेलं कन्नड वाक्य उलटं मराठीत करून बघा. अर्थ परत तोच आला तर ठीक.

बँकेच्या पत्रासाठी गुगल लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यातून मजकूर वाचणारी सोय. पत्र उजेडात, सपाट टेबलावर ठेवा, हाताची सावली पडू देऊ नका, पान चौकटभर येऊ द्या आणि "भाषांतर" निवडा. सारांश कळतो. एखादा परिच्छेद समजला नाही तर लेन्समधूनच तेवढा मजकूर निवडून कॉपी करा आणि जेमिनीला विचारा: "यात मला काय करायला सांगितलंय, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर काय?" हे तीन प्रश्न वेगळे विचारले की उत्तर नेमकं येतं. मग ती तारीख आणि रक्कम मूळ कागदावर बोट ठेवून ताडा. पूर्ण पत्राचा फोटो जेमिनीला देऊ नका. खाते क्रमांक, आधार, पॅन, सही आणि पाहुण्यांची ओळखपत्रं तिकडे जाताच कामा नयेत. सुधारणेसाठी काही संभाषणं माणसं वाचतात, हे कंपनी स्वतःच सांगते. जेमिनीच्या सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हिटी साठवणं बंद करता येतं. बंद केलं तरी बोलणं ७२ तासांपर्यंत त्यांच्याकडे राहतं. चालू ठेवलं तर आपोआप पुसण्याची मुदत मुळात १८ महिन्यांची असते, ती ३ महिन्यांवर आणा.

कलमांबद्दल आम्ही ठाम आहोत: कारण शोधायला फोन घ्या, औषध आणि मात्रा त्याला विचारू नका. काळ्या पानाचा फोटो पाहून तो "बुरशी" म्हणेल, आणि ते खोटंही नसतं. पण हापूसच्या पानावरची ती काजळी पुष्कळदा दुसऱ्याच गोष्टीमुळे येते. तुडतुडे, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड रस शोषून चिकट गोड स्राव टाकतात आणि त्यावर ही काळी बुरशी वाढते. किडीला हात न लावता नुसतं बुरशीनाशक मारलं तर पैसे जातात आणि काजळी परत येते. ओल्या बोटाने पान चोळून बघा. काळं पुसलं जाऊन खाली हिरवं दिसलं तर काजळी. डाग पानातच रुतलेला असेल, पुसत नसेल, तर करपा हा रोग असण्याची शक्यता. फोटो तीन काढा: पूर्ण फांदी, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. कीड बहुतेक खाली लपते आणि लोक वरचाच फोटो देतात. प्रश्न असा करा: "असं होण्याची संभाव्य कारणं कोणती आणि प्रत्येक ओळखायची खूण काय?" मग त्या खुणा झाडावर तुम्ही शोधा. ते फोटो आणि चार पानं घेऊन वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जा, तुमच्या जवळच आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आंब्यासाठी फवारणीचं वेळापत्रक आहे, ते तिथे मिळेल. मात्रा तिथलीच धरा. एकाच औषधाच्या कमी-जास्त तीव्रतेच्या बाटल्या बाजारात असतात, फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवस सोडावे लागतात, आणि यंत्राने एका आकड्याची चूक केली तर मोहर जळतो. साक्याबद्दलही (आंब्याचा आतला गर खराब होण्याचा दोष) कुणी फोटोवरून सांगतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. साका आत असतो, फळ कापल्याशिवाय दिसत नाही.

खोल्यांच्या फोटोंसाठी गुगल फोटोजमधलं "मॅजिक इरेझर" मे २०२४ पासून सगळ्यांना मोफत आहे. अँड्रॉइड ८ आणि ३ जीबी रॅम असली की पुरे. फोटो उघडा, "एडिट", "टूल्स", आणि नको त्या वस्तूवर बोट फिरवा. दोरीवरचे कपडे, बादली काढा. शेजारचं घर किंवा विजेचा खांब काढू नका, पाहुणा आल्यावर तो तिथेच असणार आणि वाद तुमच्याशी होणार.

"एआय चालू करून देतो" म्हणत कुणी लिंक किंवा ॲपची फाइल पाठवली तर उघडू नका. या पत्रात सांगितलेलं सगळं फोनमध्ये असतं किंवा प्ले स्टोअरवर मोफत मिळतं. आवाजाची हुबेहूब नक्कल आता सहज होते. मुलाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. मोठ्या बुकिंगची आगाऊ रक्कम देतो, क्यूआर स्कॅन करा असं पाहुणा म्हणाला तर थांबा. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही, पिनही नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

सासऱ्यांसाठी "लाइव्ह ट्रान्सक्राइब" पाहा. समोरचा बोलतो ते मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटवणारी ही सोय मराठीत चालते. सेटिंग्जमध्ये "ॲक्सेसिबिलिटी" खाली सापडेल, नाहीतर प्ले स्टोअरवर. मुख्य भाषा मराठी ठेवा, अक्षर सगळ्यात मोठं करा आणि शॉर्टकट लावून द्या म्हणजे त्यांना ॲप शोधावं लागणार नाही. फोन टेबलावर बोलणाऱ्याकडे तोंड करून, हातभर अंतरावर. एका वेळी एकानेच बोलायचं. घरातल्या मालवणी गप्पांत ते अडखळेल. खरा उपयोग डॉक्टरांकडे होतो. डॉक्टर प्रमाण मराठीत, एकटेच, समोर बसून बोलतात. दवाखान्यात रेंज आहे ना ते आधी बघा आणि डॉक्टरांना विचारून सुरू करा. सेटिंग्जमध्ये मजकूर साठवणं चालू केलंत तर तो फोनवर तीन दिवस राहतो, घरी येऊन परत वाचता येतो. गोळी किती वेळा घ्यायची हे मात्र चिठ्ठीवरूनच. आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला अजून दाखवलं नसेल तर फोनच्या आधी ते करा. पुष्कळदा कानात मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर बरंच ऐकू येऊ लागतं.